रेंगाळायला गेलो होतो

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं गच्चीवर बसून जुन्या टूथब्रशनं बुटांचे तळवे घासत होतो. खाचेतली माती आधी टाचणीनं उकरायची, मग ब्रश, मग साबण. शेजारच्या काकू वाळवण आवरायला आल्या होत्या. म्हणाल्या, "कुणाच्या लग्नाला निघालाय काय?" न्यूझीलंडला चाललोय, तंबूत राहायला, असं सांगितल्यावर त्यांनी आमच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि आणखी काही विचारलं नाही.

बूट घासायचं कारण साधं आहे. त्या देशाला दुसऱ्याच्या मातीची भीती वाटते. मातीतून बी येतं, बुरशी येते, किडे येतात. म्हणून तंबू, बूट, खाण्याच्या वस्तू, सगळं आधीच जाहीर करावं लागतं. लपवलं आणि सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड. मी मेतकूट, गोडा मसाला आणि दोन किलो मूगडाळ लिहून दिली. मध घरीच ठेवला, त्याला तिथं बंदीच आहे. क्राइस्टचर्चच्या विमानतळावर एका बाईंनी बूट उलटे करून बघितले आणि "छान धुतलेत" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. तंबू मात्र आत घेऊन गेल्या. वीस मिनिटांनी परत आणला तेव्हा त्याची घडी माझ्यापेक्षा बरी घातलेली होती. राजगडावर नेलेल्या तंबूच्या शिवणीत एक वाळकं कुसळ सापडलं, तेवढं त्यांनी ठेवून घेतलं.

मी माध्यमिक शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. हे पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. दोघांच्या नोकऱ्या साताऱ्याच्या पन्नास-साठ किलोमीटर परिघात गेल्या. ट्रेकिंगची सवय होती, पण ती शनिवार-रविवारची: पहाटे निघा, वर चढा, फोटो काढा, शेवटची एसटी गाठा. ह्यांनी या प्रवासाचाही कागद केला तो खात्यातल्या दौऱ्यासारखा. दोन्ही बेटं, 3200 किलोमीटर, रोज नवा मुक्काम. मी पेन्सिल घेतली आणि अख्खं उत्तर बेट खोडून टाकलं. मग दक्षिण बेटाची पश्चिम किनारपट्टी खोडली. भांडण झालं, दोन दिवस चाललं. शेवटी ठरलं ते असं: 25 दिवस, चारच मोठे मुक्काम, आणि एका जागी किमान चार रात्री. गाडी साधी हॅचबॅक, कारण मोटारहोमच्या भाड्यात आमचं जाण्यायेण्याचं तिकीट निघालं असतं.

क्राइस्टचर्चला 17 फेब्रुवारीला उतरलो. गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, तो आणि एक चिमुकली शेगडी तिथंच घेतली. शहरात 2011 च्या भूकंपाच्या खुणा अजून आहेत, मधूनच मोकळे प्लॉट दिसतात. त्या दिवशी 185 माणसं गेली होती. आम्ही दोघं ते प्लॉट बघत जरा जास्तच गप्प झालो. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही अंगणात झोपलो होतो. माझ्या आयुष्यातलं पहिलं कॅम्पिंग ते.

टेकापो

टेकापोच्या तळ्याकाठी पहिला तंबू लावला. हे खासगी 'हॉलिडे पार्क' म्हणजे आपल्या धर्मशाळेची सुधारलेली बहीण. जागा आपली, तंबू आपला; न्हाणीघर आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. ओळीनं शेगड्या, ओळीनं मोऱ्या, आणि एका फळीवर आधीच्या लोकांनी मागं ठेवलेलं मीठ, तेल, अर्धी पाकिटं. ज्याला लागेल त्यानं घ्यावं. मी दोन लिटरचा कुकर घरून नेला होता. त्याची पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारी पास्ता ढवळणारी दोन तरुण जर्मन पोरं दाराकडं पळाली. त्यांना वाटलं, आगीची सूचना आहे. दुसऱ्या दिवसापासून ती "आज वाजणार का?" असं विचारून बसायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी मूगडाळीच्या खिचडीला ताटली घेऊन आली.

टेकापोला लोक जातात ते आकाशासाठी. तिथला चार हजार चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश 2012 पासून अंधाराचं राखीव क्षेत्र आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली तोंड करून असतात. आम्ही रात्री स्वेटर, टोपी घालून बाहेर आलो तर तळ्यावर वाचता येईल एवढा उजेड. 24 तारखेला माघी पौर्णिमा होती. विमानाच्या तारखा, भाड्याच्या गाडीच्या तारखा, सगळं तपासलं होतं. भिंतीवर टांगलेलं पंचांग काही मी बघितलं नव्हतं. एवढ्या लांब येऊन चांदण्यांऐवजी चंद्र बघितला.

ह्यांना त्याचं दुःख नव्हतं, कारण त्यांना कालवा सापडला होता. टेकापोचं पाणी 26 किलोमीटरच्या कालव्यातून पुकाकी तळ्यावर नेलंय. तिथं ते वीजघरातून खाली पडतं, मग पुढच्या कालव्यातून ओहाऊकडं जातं, आणि वाइटाकी नदीच्या धरणांवर पुन्हा पुन्हा तेच पाणी वीज करत समुद्राला मिळतं. आपण त्याच कालव्याच्या काठानं रोज फिरायला जायचं, असं ह्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, "अहो, कालवेच बघायचे होते तर कण्हेर काय वाईट होता?" पण गंमत अशी की, चार दिवस त्याच काठानं गेल्यावर मलाही तो रंग दिसायला लागला. पाणी निळं नाही, हिरवं नाही. दुधात मोरचूद कालवल्यासारखं. हिमनदी खालचा खडक जात्यासारखी दळते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, आणि त्यावरून उजेड फिरला की असा रंग येतो. सकाळी ढगाळ असताना तो राखेसारखा, दुपारी भडक. एका दिवसात येऊन गेलेल्या माणसाला यातला एकच रंग मिळतो.

व्हाइट हॉर्स हिल

माउंट कुकच्या पायथ्याचं हे सरकारी कॅम्पसाइट. तिथलं संवर्धन खातं, म्हणजे 'डॉक', देशभर असली ठिकाणं चालवतं. इथं फ्लशचे संडास आणि स्वयंपाकाला एक निवारा आहे, बाकी मोकळं. जमीन म्हणजे नुसता गोटा. खुंटी दोन बोटं जायची आणि वाकायची. शेवटी ह्यांनी खुंट्यांचा नाद सोडून प्रत्येक दोरीला कलिंगडाएवढा दगड बांधला, आणि बांध बांधल्याच्या समाधानानं हात झटकले.

पहिल्या रात्री झोप आली नाही ती आवाजामुळं. समोर सेफ्टन नावाचा डोंगर आहे, त्याच्या कड्यावर हिमनद्या लोंबतात. मधूनच त्यातला तुकडा तुटतो आणि लांबवर गडगडतं. मी दर वेळी उठून बसायची. हे अंधारातून म्हणायचे, "झोप गं, आपल्याकडं येत नाही ते."

दुसऱ्या रात्री वारा आला. तिथं त्याला नॉर्वेस्टर म्हणतात. वायव्येकडून समुद्रावरून येतो आणि डोंगर ओलांडताना सगळा ओलावा त्यावर ओततो. रात्री दोनच्या सुमारास वरचं कापड फडफडायला लागलं, एक दोरी दगडासकट सरकली, आणि तंबूची कमान माझ्या कपाळावर टेकली. ह्यांनी आतून दोन्ही हातांनी ती उचलून धरली. पुतळ्यासारखे तासभर बसले. तीन वाजता आम्ही तंबू दगडांखाली तसाच आडवा पाडून गाडीत शिरलो. मागच्या सीटवर भिजलेल्या स्लीपिंग बॅगा, पुढं आम्ही, काचेवर पावसाचे लोट. मी डब्यातला चिवडा काढला. रात्री साडेतीनला गाडीत बसून खाल्लेला तो चिवडा मी विसरणार नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची. दुसरा अख्खा दिवस पाऊस. जुन्या कागदाप्रमाणं आम्ही तेव्हा पुढच्या गावाला निघालेले असतो, 'माउंट कुक: ढगाळ' अशी नोंद करून. आता जायचं कुठंच नव्हतं. निवाऱ्यात बसलो. चहा केला. ह्यांनी वाकलेली कमान दगडावर ठोकून सरळ केली आणि तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली. मी मोजे दोरीवर घातले, काढले, परत घातले. चौथ्या दिवशी पहाटे बाहेर आले तर ढग खाली दरीत आणि वर तो अख्खा डोंगर. 3724 मीटर. मी शिकवायला लागले तेव्हा आकडा 3764 होता. 1991 मध्ये शिखराचा माथाच कोसळला आणि पुढं नव्यानं मोजणी झाली. माओरी लोक त्याला आओराकी म्हणतात. आकाशाच्या मुलांची नाव खडकावर अडकली, उलटली, ती भावंडं तिच्या पाठीवर चढून बसली आणि तशीच गोठली. त्यातला थोरला तो आओराकी.

हूकर दरीतली वाट जाऊन-येऊन दहा किलोमीटर आहे, लोक तीन-चार तासांत उरकतात. आम्हाला सात लागले. कारण मी. 'हिमोढ', 'यू आकाराची दरी', 'लोंबती दरी' हे शब्द मी 31 वर्षं फळ्यावर खडूनं काढले, परीक्षेत दोन-दोन मार्कांना विचारले, आणि त्यातलं एकही कधी बघितलेलं नव्हतं. हिमोढ म्हणजे हिमनदीनं ढकलत आणलेला राडारोडा, हे वाक्य मी झोपेतही म्हणेन. पण तो ढिगारा चारमजली इमारतीएवढा असतो आणि त्यावर उभं राहिलं की पायाखालून वाळू घसरत खालच्या तळ्यात पडत राहते, हे पुस्तकात कुठं होतं? मी दर शंभर पावलांवर थांबत होते. झुलत्या पुलावर पोरंटोरं आम्हाला ओलांडून जात होती. वाटेच्या शेवटी हूकरचं तळं, त्यात घरंगळलेले बर्फाचे तुकडे, एखाद्या मळक्या म्हशीएवढे. एकदा मी माझ्याच नकळत, "बघा रे मुलांनो," असं म्हणाले. ह्यांनी ऐकलं, पण चेष्टा केली नाही.

पुढचा ट्वायझल, लिंडिसची खिंड, वानाका हा भाग मी पळवते, कारण तिथं आम्हीही पळालोच. गवताचे सोनेरी डोंगर, आणि धुलाई. वानाकाला नाण्यांच्या यंत्रात चार वेळा कपडे धुतले. ह्यांचं गाडी चालवणं मात्र सांगायला हवं. रस्त्याची बाजू आपलीच, डावी, आणि इंग्रजीतलं आपलं लायसन्स चालतं. पण मर्यादा शंभरची असताना हे सत्तरनं जाणार, मागं रांग लागणार, आणि मग हे दर दोन मैलांवर कडेला घेऊन सगळ्यांना पुढं जाऊ देणार. एका पदरी पुलांवर छोटा लाल बाण आपल्या बाजूला असेल तर आपण थांबायचं. समोर दोन किलोमीटरपर्यंत गाडी दिसत नसली तरी हे थांबायचे.

कॅस्केड क्रीक

ते आनाऊ गाव सोडलं की मिलफर्डपर्यंत सुमारे 120 किलोमीटर रस्ता, वाटेत गाव नाही, फोनला रेंज नाही. पेट्रोल भरून निघायचं. या रस्त्यावर एग्लिंटनच्या दरीत डॉकची पाच-सहा कॅम्पसाइट आहेत, त्यातलं शेवटचं कॅस्केड क्रीक. संडास खड्ड्याचे, पाणी उकळून प्यायचं. राखणदार कुणी नाही. फाटकाशी एक लोखंडी पेटी आणि पाकिटं. नाव, गाडीचा नंबर, किती रात्री ते लिहायचं, माणशी पंधरा-वीस डॉलर पाकिटात घालून पेटीत सारायचे, आणि पावतीचा तुकडा आपणच फाडून तंबूला अडकवायचा. खात्यात 34 वर्षं काढलेला माणूस त्या पेटीसमोर बराच वेळ उभा होता. "आणि कुणी नाहीच भरले तर?" मी म्हटलं, "तुम्ही भरा." सुटे हवेत म्हणून ह्यांनी पाच-पाचच्या नोटा जमवल्या होत्या. त्यावर एडमंड हिलरींचा चेहरा आणि शेजारी माउंट कुक असतो. एव्हरेस्टच्या आधी, 1948 मध्ये, ते त्याच्या दक्षिण धारेनं वर गेले होते. ती नोट पाकिटात घालताना ह्यांचा जीव जरा खालीवर झाला.

आणि मग त्या आल्या.

इंग्रजीत सँडफ्लाय, माओरीत नमू. तिळाएवढी काळी माशी. डासासारखी गुणगुण नाही, चाहूल नाही. तंबूची पहिली कमान खोवेपर्यंत माझ्या दोन्ही मनगटांवर तीळ सांडल्यासारखं झालं. घरून नेलेल्या मच्छरांच्या मलमाचं त्यांना काहीच वाटलं नाही. रक्त मादीच पिते, आणि चावल्याची खाज चार-चार दिवस जात नाही. कॅप्टन कुकचं जहाज 1773 मध्ये या किनाऱ्याला लागलं होतं, तेव्हा त्यानंही यांच्या नावानं रोजनिशीत बोटं मोडली होती.

माओरी गोष्ट अशी आहे की, या खाड्या देवानं कोरल्या आणि त्या इतक्या सुंदर झाल्या की मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो हिला काळजी वाटली. माणसं इथं आली तर उठायचीच नाहीत. म्हणून तिनं नमू सोडल्या. गोष्ट ऐकून मी हसले, नंतर हसू थांबलं, कारण हिशेब अगदी खरा आहे. चालत राहिलं तर नमू फारशा चावत नाहीत. बसलं, की चावतात. पेन्सिल घेऊन सगळा प्रवास खोडला तो एका जागी बसायला, आणि हे ठिकाण बसणाऱ्यांनाच धरतं!

तीन दिवस आम्ही उभ्यानं चहा प्यायलो. म्हणजे चालत. कप घेऊन तंबूभोवती प्रदक्षिणा. मोज्यात पॅन्ट खोचलेली, डोक्याला माझी ओढणी. पलीकडच्या तंबूतली म्हातारी जोडीही तशीच फेऱ्या मारायची, आणि समोरासमोर आलो की आम्ही चौघं माना हलवायचो.

एक दिवस मिलफर्डला जाऊन आलो. होमरचा बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा. 1935 मध्ये मंदीच्या काळातल्या बेकार मजुरांनी कुदळी-फावड्यांनी सुरू केलेला, वाहतुकीला खुला झाला 1954 मध्ये. आतून सरळ उतारच आहे, खालच्या दरीत ओतल्यासारखे आपण जातो. सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या तिथं दोन किआ, म्हणजे डोंगरी पोपट, पुढच्या गाडीच्या काचेभोवतीचं रबर सोलत होते. मालक आतून हॉर्न वाजवत होता, पोपट त्याच्याकडं बघून मान वाकडी करत होते. पलीकडं मुसळधार. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, महाबळेश्वरालाही मागं टाकणारा. कड्याकड्यावरून शेकडो धबधबे, आंबोलीला आषाढात असतात तसे, फक्त कडे हजार-हजार मीटरचे. आणि डोंगराच्या पूर्वेला, जिथं आम्ही दोन आठवड्यांपूर्वी कालव्याच्या काठी फिरत होतो, तिथं वाळकं गवत. एका बाजूला महाबळेश्वर, दुसऱ्या बाजूला माण-खटाव. "पर्जन्यछायेचा प्रदेश," मी म्हटलं. "माहितीय," हे म्हणाले, "दहिवडीला टँकर मीच पाठवत होतो."

एक सवय शेवटपर्यंत गेली नाही. या देशात साप नाही, जमिनीवरचा एकही. जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी म्हणायला फक्त वटवाघळं. तरी मी रोज सकाळी बूट उलटा करून आपटायची.

8 मार्चला महाशिवरात्र होती. ह्यांचा उपास लहानपणापासूनचा. ते आनाऊच्या दुकानातून मी रताळी आणली होती. तिथं त्याला कुमारा म्हणतात. पॉलिनेशियातून होड्या घेऊन आलेल्या माओरींनी ते बरोबर आणलं, आणि त्यांच्यात त्याला मोठा मान. किसणी नव्हती. चाकूनं बारीक चिरून, शेंगदाण्याचा कूट दगडानं ठेचून, कीस म्हणायचं असं काहीतरी केलं. उभ्यानं खाल्लं.

नऊला अंधार पडायला लागला आणि एकदम काहीतरी बदललं. मनगटावर काही नव्हतं. नमू अंधारात चावत नाहीत. हे मी वाचलं होतं, पण तीन रात्री एकतर पाऊस होता नाहीतर आम्ही चेन लावून तंबूत दडलो होतो. त्या रात्री आभाळ मोकळं होतं. आम्ही खुर्च्या ओढल्या आणि बसलो. चार दिवसांत पहिल्यांदा.

माघ वद्य चतुर्दशी, चंद्राचा पत्ता नाही. टेकापोला जे हुकलं ते इथं डोंगरांच्या मधल्या पट्टीतून वाहत होतं. मृग उत्तरेला, आणि उलटा; शिकाऱ्याचे पाय वर, डोकं खाली. अगस्ती, जो साताऱ्याहून दक्षिणेकडं हिवाळ्यात कसाबसा क्षितिजावर उभा राहतो, तो जवळजवळ माथ्यावर. आणि दक्षिणेला दोन धुरकट पुंजके, ढग म्हणून मी तासभर सोडून दिले होते. ते हलेनात, तेव्हा कळलं. मॅगेलनचे मेघ. नववीच्या वर्गात मी त्यांचं फक्त नाव घेत होते.

रात्रीचा दीड झाला. पलीकडची म्हातारी जोडीही ब्लँकेट घेऊन बाहेर होती, त्यांच्या थर्मासचा कप मधूनच वाजायचा. सकाळी निघायचं होतं, तंबू आवरायचा होता. हे उठले, बॅटरी घेऊन फाटकाकडं गेले. मला वाटलं संडासला. बराच वेळ आले नाहीत म्हणून मीही मागून गेले, तर पेटीसमोर वाकून पाकिटावर काहीतरी लिहीत होते. हिलरींच्या नोटा संपल्या होत्या, सुटे नव्हते. ह्यांनी पन्नासची घडी करून आत घातली, चिकटवलं, पेटीत सारलं आणि पावतीचा तुकडा माझ्या हातात दिला. तारखेच्या रकान्यात लिहिलं होतं, 9 मार्च.